वस्तीविषयीचे मत आणि वस्तीचे मत

घर सोडण्याच्या प्रश्नाशी वकिलाचा संबंध येतो तो उलट्या बाजूने. ज्याला घर सोडावयाचे असते तो आमच्याकडे येत नाही. तो सामान बांधतो आणि निघून जातो. आमच्याकडे येतो तो घर सोडावयास मुळीच तयार नसलेला मनुष्य. अशी किती कुळे आजवर आमच्या बैठकीत येऊन बसली याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. परंतु त्यांच्या बोलण्याची एक रीत मनात पक्की बसली आहे. प्रथम ते आपल्या जागेची यथेच्छ निंदा करतात. छप्पर गळते, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहत नाही, शेजारी भांडखोर आहेत, वाटेवर उजेड नाही. ही सारी फिर्याद ऐकून घेतल्यावर ‘मग ती जागा सोडून का देत नाही?’ असे विचारले, की समोरचा मनुष्य आमच्याकडे असा पाहतो, की जणू आम्ही घरमालकाचेच वकीलपत्र घेतले आहे!

एकदा एका वृद्ध गृहस्थांना आम्ही हाच प्रश्न विचारला. देवळाजवळच्या वाड्यावर त्यांचे मोडकळीस आलेले घर होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, पालखी म्हज्या दारांत रावता न्ही?’ त्यांच्या दृष्टीने खटल्याचा निकाल तेथेच लागला होता. पालखी ज्या दारात थांबते ते दार सोडून मनुष्याने जावे कोठे?

मनुष्याला आपली वस्ती वाईट वाटू लागली म्हणजे तो ती सोडू इच्छितो, आणि चांगली वाटत असली म्हणजे तो तेथे राहू इच्छितो, असा एक सरळ हिशेब सर्वत्र मांडला जातो. नगररचनाकार तो मांडतात, घरबांधणी मंडळे मांडतात आणि आपले लेखकही पुष्कळदा मांडतात. आम्हांस हा हिशेब अपुरा वाटतो. रहिवाशाचे वस्तीविषयी मत काय आहे, एवढेच आपण विचारतो. वस्तीचे त्या रहिवाशाविषयी मत काय आहे, हे विचारावयाचे राहून जाते. आमच्या मते जाण्याची इच्छा जन्माला येते ती या दुसऱ्या मतातून. आपल्या वाङ्मयातील तीन प्रसिद्ध पुस्तके या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावीत, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक आक्षेप स्वतःवर घेतला पाहिजे. कूळ जागा सोडत नाही याचे कारण प्रेम नसून कायदा आहे, असे कोणी म्हणेल. मुंबई राज्याच्या 1947 च्या भाडे-नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे 1940 च्या सप्टेंबरातील भाड्याशी बांधून टाकले. गोव्यातही 1968 मध्ये भाडे-नियंत्रणाचा कायदा आला आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला घरातून काढून लावण्यापासून संरक्षण दिले. इतकी स्वस्त आणि सुरक्षित जागा कोण सोडील? हा आक्षेप खोटा नाही. परंतु कायदा मनुष्याला राहू देतो. राहावेसे वाटावयास लावणे कायद्याच्या हाती नाही. भाडे स्वस्त असल्याने मनुष्य कुलूप लावून किल्ली आपल्याजवळ ठेवील. दारातल्या पालखीसाठी वर्षभर वाट पाहणार नाही.

आता पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (1958) घ्या. या पुस्तकातील माणसे आपल्या वस्तीविषयी एक शब्दही चांगला बोलत नाहीत असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. जागा अपुरी, मालक कंजूष, शेजाऱ्याचा स्वभाव तिरसट. त्रिलोकेकर, अण्णा पावशे, बाबूकाका खरे, आचार्य बर्वे, एच्च. मंगेशराव या मंडळींचे एकमेकांशी पटणे हाच अपवाद. असे असूनही त्यांच्यापैकी कोणाच्या बोलण्यात खरी जाण्याची तयारी दिसत नाही. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण पाहावे. त्या नावात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन आहे हे वाचकांस सांगावयास नको. विनोदाचा मोठा भाग त्यातच आहे. परंतु त्या विनोदाखाली एक गंभीर गोष्ट उभी आहे. जो मनुष्य उद्या जाणार आहे तो गच्चीसाठी लढा देत नाही. तक्रार, अर्ज, शिष्टमंडळ, सभा, ठराव हे सारे राहणाऱ्याचे व्यवहार आहेत. न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे तर, तक्रार ही जागा सोडण्याची कबुली नव्हे; तो जागेवरील हक्काचा पुरावा आहे.

आणि चाळकऱ्यांना हा हक्क कोठून वाटतो? चाळ त्यांना ओळखते म्हणून. मंगेशरावांचे गाणे चाळीला नकोसे होत असेल, परंतु गाणारे मंगेशराव चाळीच्या हिशेबात आहेत. बर्व्यांचे आचार्यपण चाळीबाहेर कोणी मानणार नाही. चाळीत त्याची थट्टा होते, आणि थट्टा होणे हीदेखील एक मान्यता आहे. भ्रमणमंडळ काढून ही मंडळी बाहेर निघाली तरी चाळ बरोबर घेऊनच निघतात, कारण चाळीबाहेर ते कोणीच नाहीत हे त्यांना मनोमन ठाऊक आहे. पु. लं.नी हे कोठेही सिद्धांत म्हणून सांगितलेले नाही. ते त्यांनी पात्रांच्या वागण्यात दाखवले, यातच त्यांच्या निरीक्षणाचे मोल आहे.

चाळ पुस्तकरूपाने येण्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे 1957 मध्ये, मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट या दोघा इंग्रज समाजशास्त्रज्ञांनी पूर्व लंडनमधील कुटुंबजीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनमधील बेथनल ग्रीन ही कामगारांची जुनी, दाटीची वस्ती. तेथील कित्येक कुटुंबे शहराबाहेरच्या नव्या सरकारी वसाहतीत राहावयास गेली. या वसाहतीला लेखकांनी ‘ग्रीनली’ असे कल्पित नाव दिले आहे. नव्या घराला बाग होती, स्वच्छ हवा होती, स्वतंत्र खोल्या होत्या. लोक गेले ते जुन्या वस्तीला कंटाळून नव्हे. घर हवे आणि मुलांचे बरे व्हावे म्हणून गेले. तेथे गेल्यावर घराविषयी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शेजाराविषयी. जुन्या वस्तीत मनुष्य कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, स्वभावाने कसा, हे सर्वांना ठाऊक होते. नव्या वसाहतीत त्याची किंमत त्याच्या दारापुढच्या वस्तूंवरून ठरू लागली. रहिवाशाचे वस्तीविषयी मत सुधारले, परंतु वस्तीचे रहिवाशाविषयी मत म्हणून जे काही होते ते नाहीसे झाले. आपल्या बटाट्याच्या चाळीला परकी साक्ष हवी असेल तर ती ही आहे.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ (1955). येथे हाच प्रश्न बाहेरून आत येणाऱ्याच्या बाजूने मांडला गेला आहे. औंध संस्थानातील एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास येतो. त्याचे वाडीविषयीचे पहिले मत काय होत असेल हे सांगावयास नको. मूठभर घरे, उजाड माळ, मेंढरे, आणि शाळेची कोणालाच गरज नाही. वाडी तशीच राहते. माळ हिरवा होत नाही की घरे मोठी होत नाहीत. मग मास्तराचे मन बदलते ते कशाने? वाडी त्याला आपला म्हणू लागते याने. लोक त्याच्याकडे कागद वाचून घ्यावयास येतात, भांडणे सांगतात, पैशाचे काम सोपवतात; पुढे त्याच्याच पुढाकाराने तालीम उभी राहते. वस्तीचे त्याच्याविषयीचे मत आधी बदलले आणि त्याचे वस्तीविषयीचे मत मागाहून बदलले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. आमच्या सिद्धांताला हा विरोधी पुरावा आहे काय? तसे वाटत नाही. जाणे आणि जावेसे वाटणे या भिन्न गोष्टी आहेत. सक्तीने दिलेली संमती कायदा संमती मानीत नाही. त्याच न्यायाने दुष्काळाने उठलेल्या मनुष्याच्या जाण्यातून त्याच्या इच्छेचे अनुमान काढता येत नाही. माडगूळकरांच्या त्या अखेरीत वाडीची निंदा कोणी करीत नाही, आणि म्हणूनच ती वाचवत नाही.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की जुन्या वस्तीचे हे नेहमीचे स्तोत्र झाले. तसे होऊ नये म्हणून तिसरे पुस्तक पुढे ठेवतो. बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहावयास जागा मिळावी म्हणून जात लपवतो. तो तेथे असताना त्याचे गुण लोकांना दिसतात. त्याच्याविषयी आदर निर्माण होतो. पुढे जात उघडी पडते आणि त्याला मार खावा लागतो. मनुष्य तोच, खोली तीच, शेजारही तोच. बदलले ते केवळ वस्तीचे त्याच्याविषयीचे मत, आणि तेवढ्याने राहणे अशक्य झाले. आमचा मुद्दा याहून स्पष्ट मांडणारी कथा आम्हांस ठाऊक नाही. परंतु या कथेने आमचा मुद्दा सिद्ध होतो तसा तो आमच्यावर उलटतोही. वस्ती ओळखते म्हणून मनुष्य राहतो हे जितके खरे, तितकेच वस्ती ओळखते म्हणूनच कित्येकांना पळून जावेसे वाटते हेही खरे. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेडेगावाच्या व्यवस्थेवर जी कठोर टीका केली ती अनेकांना झोंबली. ती झोंबण्याचे कारण असे, की आपण खेड्याविषयीचे आपले मत सांगत होतो आणि ते खेड्याचे त्यांच्या समाजाविषयीचे मत सांगत होते.

या प्रकाशात ‘बटाट्याच्या चाळी’कडे पुन्हा वळले म्हणजे तिची एक उणीव दिसू लागते. पुस्तकाच्या अखेरच्या चिंतनात विनोद मागे सरतो आणि सरत्या चाळ-जीवनाविषयीची हुरहूर पुढे येते. हे चिंतन सुंदर आहे. ते वाचून गलबलून न येणारा वाचक विरळा. परंतु ही हुरहूर कोणाची? गॅलरीत बसून गप्पा मारणाऱ्याची. चाळीतील पुरुषांची साक्ष पुस्तकभर नोंदली गेली आहे. बायकांची साक्ष अधूनमधून, आणि तीही बहुधा विनोदापुरती. पहाटे नळावर नंबर लावणारी, दोन खोल्यांत बाळंतपणे, आजारपणे आणि पाहुणे निभावणारी स्त्री चाळीविषयी काय म्हणाली असती? आणि चाळीचे तिच्याविषयी मत काय होते? अमक्याची बायको, तमक्याची सून, यापलीकडे चाळीने तिला कोणत्या नावाने ओळखले? हुरहूर वाटावयास आधी मान मिळालेला असावा लागतो. ज्याच्या वाट्याला तो आला नाही, त्याला चाळ पडली काय आणि राहिली काय, सारखेच. पु. लं.च्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर बाळगून आम्हांस असे वाटते, की त्या चिंतनात नळावरचा एक आवाज मिळाला असता तर ते अधिक खरे झाले असते.

हा आक्षेप आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. वर सांगितलेल्या वृद्ध गृहस्थांची जागा त्यांच्याकडे राहिली. त्यांच्या पश्चात दोनच वर्षांच्या आत घराला कुलूप लागले आणि कुटुंब शहरात एका लहानशा फ्लॅटमध्ये गेले. कागदपत्रांच्या निमित्ताने त्यांच्या सूनबाई आमच्याकडे आल्या होत्या. पालखीच्या दाराचे काय, असे आम्ही सहज विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पालखी वर्षातून एकदा यायची. पाणी मी रोज आणत होते.’ एवढ्या वर्षांच्या वकिलीत आम्ही त्यांची साक्ष घेतली नव्हती, ही चूक त्या दिवशी आमच्या ध्यानात आली.

गोव्याच्या वाचकांस हा विषय परका वाटू नये. आपल्या समाजाचा सारा इतिहासच सोडून येण्याचा आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आला, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याहून श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. जे निघाले त्यांचे आपल्या गावाविषयीचे मत वाईट नव्हते. गावावर ज्याची सत्ता आली त्याने त्यांना आपले मानले नाही, म्हणून ते निघाले. आणि जाताना देव बरोबर घेऊन गेले, म्हणजे आपली ओळखच बरोबर नेली. आपली आडनावेही तेच सांगतात. लोटलीत राहणाऱ्याला लोटलीकर म्हणण्याचे प्रयोजन काय? गाव सुटल्यावर गावाचे नाव माणसाला चिकटते. लोटलीकर, वेर्णेकर, बोरकर ही आडनावे म्हणजे मागे राहिलेल्या घराचे पत्ते आहेत.

सांगे तालुक्यातील कुर्डी गावाची हकिगत तर कालपरवाची. साळावली धरणासाठी हे गाव उठले आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकात पाण्याखाली गेले. गावकऱ्यांना वाडे आणि वालकिणी येथे वसवण्यात आले. तेथील कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते, तेव्हा जोती, वाटा आणि विहिरींचे काठ वर येतात, आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे जमतात. तेथे घर नाही, शेत नाही, सावली नाही. वस्ती म्हणून त्या जागेविषयी चांगले मत होण्याजोगे काहीही उरलेले नाही. तरी ते येतात; कारण कोणाचे घर कोठे होते हे जाणणारी माणसे त्या दिवशी तेथे एकत्र येतात.

परंतु याच कुर्डीत 1904 साली मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या, आणि त्यांचे नाव उच्चारले की देवळाभोवतीच्या आपल्या वस्त्यांविषयीचा एक अवघड प्रश्न समोर येतो. मोगूबाई, केरीच्या केसरबाई केरकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर हे सारे देवळांच्या परिसरातील कलावंत समाजात वाढले आणि मुंबईकडे गेले. जाण्याचे कारण एकच नव्हते. तिकडे गुरू होते, नाटक मंडळ्या होत्या, आश्रयदाते होते. तथापि त्या समाजातील अनेक कुटुंबांनी देवळाचा परिसर सोडला तो डोंगर, तळी आणि कुळागरे आवडेनाशी झाली म्हणून खास नव्हे. त्या परिसराने जन्मापूर्वीच त्यांच्याविषयी एक मत करून ठेवले होते, आणि ते बदलण्याची वाट पाहत बसावे असे त्यांना वाटले नाही, हे आमचे अनुमान आहे. त्यांनी गावाचे नाव आडनाव म्हणून अभिमानाने जगभर नेले. आज आपण त्या नावांचा गौरव करतो. परंतु हा गौरव त्यांच्या हयातीत, त्याच वाड्यावर, त्याच पंगतीत केला असता तर त्यांच्यातील किती घरे राहिली असती, हा प्रश्न महाजनांनी स्वतःस विचारावयास हवा.

आजही तीच चिंता प्रत्येक देवस्थानाच्या सभेत ऐकू येते. वाड्यावर कुलपे वाढली, उत्सवाला खांदेकरी मिळत नाहीत, मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी निघून जातात. बेळगावचे, बडोद्याचे, इंदूरचे स्नेही भेटले की आपापल्या जुन्या पेठांविषयी हेच सांगतात. यावर उपाय सुचवले जातात ते जागेचे: रस्ता करा, दिवे लावा, सभागृह बांधा. हे करावे, पाणी तर अवश्य आणावे, आणि त्याला आधीच उशीर झाला आहे. परंतु तेवढ्याने भागणार नाही. ज्याला वस्तीत काही काम नाही, काही मान नाही, ज्याचे मत कोणी विचारीत नाही, तो डांबरी रस्त्याने अधिक लवकर निघून जाईल.

म्हणून जो तक्रार करतो त्याला आम्ही भीत नाही. देवळाच्या सभेत उठून चुका काढणारा तरुण, पाण्यासाठी भांडणारी सून, मानपानासाठी रुसलेला सेवेकरी, ही मंडळी अजून वस्तीत आहेत. त्यांच्या तक्रारींची नोंद कार्यवृत्तात व्हावी आणि पुढच्या सभेत त्यांना उत्तर मिळावे, एवढी साधी मागणी आम्ही या निमित्ताने करतो. जे बोलावयाचे थांबले आहेत त्यांच्या घरी मात्र कोणीतरी लवकर जाऊन यावे. सामान बांधावयास फार वेळ लागत नाही, आणि बांधणारा वकिलाकडे येत नाही, हे आम्ही प्रारंभीच सांगितले आहे.